नातीला गुपित सांभाळायला लावू नका

पत्र :

ताई, माझं नाव छापू नका. मी नाशिकची, वय अडुसष्ट. मुलगा वीसेक वर्षांपूर्वी न्यू जर्सीला गेला आणि तिथलाच नागरिक झाला. काही वर्षांपूर्वी त्याच्या कॉम्प्युटरवर लहान मुलांची नको ती चित्रं सापडली म्हणून केंद्र सरकारच्या कोर्टात केस झाली. त्यानं गुन्हा कबूल केला, तुरुंगात गेला आणि या मार्चमध्ये सुटला. पण 'सुपरव्हाइज्ड रिलीज' म्हणून अजून पुष्कळ वर्षं त्याच्यावर देखरेख राहणार आहे. त्याच्या अटींमध्ये एक अशी आहे की अठरा वर्षांखालच्या कुणाशीही, स्वतःच्या मुलीशीसुद्धा, प्रत्यक्ष किंवा कुणामार्फत संपर्क ठेवायचा नाही. प्रोबेशन ऑफिसरनं आधी लेखी परवानगी दिली तरच. त्यानं विचारून पाहिलं, ऑफिसर म्हणाला, "आत्ता नाही." नात नऊ वर्षांची आहे आणि सुनेजवळ असते. घटस्फोट झालेला नाही, पण दोघं वेगळे राहतात. मी दिवाळीला तिकडे जाणार आहे. मुलगा म्हणतो, "आई, तिला शनिवारी मंदिरात घेऊन ये, मी सहज भेटल्यासारखा येईन. नाहीतर तुझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लाव." ते जमत नसेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला नाशिकला घेऊन ये, तोही येईल, असंही म्हणतो. सून म्हणते, भेट व्हावी असं मलाही वाटतं, पण परवानगी हवी आणि समोर कुणीतरी बसलेलं हवं. मला तिचा राग येतो. माझा मुलगा राक्षस नाही, त्यानं कुणाला हात लावलेला नाही. बापाला स्वतःच्या लेकीला भेटायचा हक्क नाही का? मी काय करू?

— एक आजी

उत्तर :

काकू, नमस्कार.

फोनवरचा कॉल लावू नका. मंदिरातली सहज भेट घडवू नका. नातीला नाशिकला आणून बापलेकीची गाठ घालून देण्याचा विचार तर पूर्णच सोडा. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं वाचता वाचता 'मग तेवढं एकदा चालेल' असं मनात यायला नको.

मी वकील नाही. न्यू जर्सीत राहते आणि कोर्टात मराठी-हिंदी दुभाषी म्हणून काम करते. त्यामुळे कायद्याची चौकट सांगू शकेन, पण तुमच्या मुलाच्या कागदांवर बोट ठेवून बोलायचं काम त्याच्या वकिलाचं.

आपल्याकडे येरवड्यातून कुणी पॅरोलवर किंवा फर्लोवर आला म्हणजे शिक्षा चालू असताना मिळालेली सुट्टी. इथली गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातला पॅरोल १९८४च्या कायद्यानं काढून टाकला, आणि १ नोव्हेंबर १९८७ नंतर घडलेल्या गुन्ह्यांना तो लागूच नाही. त्याच्या जागी सुपरव्हाइज्ड रिलीज आलं. तुरुंगवास पूर्ण भोगून झाल्यावर वरून लावलेली देखरेखीची मुदत ती. ती शिक्षेतून वजा होत नाही, शिक्षेत भर घालते. तुमच्या मुलानं कबूल केलेल्या प्रकारच्या गुन्ह्याला ही मुदत कमीत कमी पाच वर्षांची असते आणि जास्तीत जास्त जन्मभराची. अट मोडली तर न्यायाधीश त्याला परत तुरुंगात पाठवू शकतो. नवा खटला नाही, ज्यूरी नाही, संशयापलीकडे काही सिद्ध करावं लागत नाही. 'मोडली असण्याचीच शक्यता जास्त' एवढं दिसलं की पुरे. असा गुन्हा सहसा ज्या वर्गात मोडतो, त्या वर्गाला एका वेळी दोन वर्षांपर्यंतची कैद होते आणि बाहेर आल्यावर देखरेख पुन्हा सुरू होऊ शकते.

तुम्ही म्हणाल, कोण सांगायला जातंय? अशा केसेसमध्ये फोनवर आणि लॅपटॉपवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. उपचाराचा भाग म्हणून अधूनमधून पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडण्याची चाचणी, घेतात, आणि 'कुठल्या लहान मुलाशी बोललास का' हा तिथला नेहमीचा प्रश्न आहे. ऑफिसर न कळवता घरी येतो. मंदिराचं म्हणाल तर एडिसन-ब्रिजवॉटरच्या पट्ट्यात मराठी माणूस मंदिरात गेला आणि त्याला कुणी ओळखलं नाही, असं होत नाही. रस्त्यात, दुकानात एखादं मूल अचानक समोर आलं तर तो संपर्क धरत नाहीत, हे इथल्या अपील कोर्टानं २००१मध्येच स्पष्ट केलेलं आहे. पण शनिवारी अमुक वाजता यायचं असं आजीनं आणि बापानं फोनवर ठरवलं असेल तर ती भेट अचानक कशी म्हणणार? नाशिकचंही तसंच. कोर्टाच्या किंवा ऑफिसरच्या परवानगीशिवाय त्याला आपल्या केंद्रीय कोर्टाच्या हद्दीबाहेरही पाऊल टाकता येत नाही. शिवाय ज्यांची नावं अशा गुन्ह्यासाठी लैंगिक गुन्हेगारांच्या सरकारी नोंदवहीत आहेत, त्यांना परदेश प्रवासाची सूचना एकवीस दिवस आधी द्यावी लागते आणि २०१६च्या कायद्यानुसार त्यांच्या पासपोर्टावर तसा उल्लेखही येतो. सगळं पार पाडून तो नाशिकला पोहोचला, तरी मुलीला न भेटण्याची अट त्याच्याबरोबर विमानातून येणारच.

हे झालं त्याच्या धोक्याचं. मला खरी काळजी नातीची वाटते.

तो कॉल लावलात की पुढचं वाक्य तुमच्या तोंडून आपोआप येईल : "मम्माला सांगू नको हं." किंवा तो म्हणेल. नऊ वर्षांच्या मुलीला आईपासून काहीतरी लपवायला सांगायचं, तेही वडिलांबद्दल, आणि सांगणारी तिची लाडकी आजी. काकू, मुलांशी गैरवागणूक करणारी माणसं मुलांना सगळ्यात आधी गुपित पाळायलाच शिकवतात. म्हणून शाळेत, समुपदेशकाकडे, उपचार करणाऱ्यांकडे या मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते की मोठ्यांनी 'कुणाला सांगू नको' म्हटलं की ते लगेच सांगायचं. तुमच्या मनात वाईट काही नाही, हे मला पत्रावरून कळतं. पण ती शिकवण तुमच्या हातून पुसली जाईल. आणि शाळेत ती बोललीच, तर न्यू जर्सीत एखाद्या लहान मुलाचा छळ किंवा हेळसांड झाल्याचा वाजवी संशय आलेल्या कुठल्याही माणसावर तो कळवण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. मग राज्याचं बालसंरक्षण खातं सुनेच्या दाराशी येईल आणि विचारेल, तू मुलीला सांभाळलं नाहीस का? ज्या एका घरात ती आज स्थिर आहे, त्यालाच धक्का लागेल.

आता तुमचा मूळ प्रश्न. बापाला हक्क नाही का? आहे. आणि तो किरकोळ नाही. आपलं मूल वाढवण्याचा, त्याच्या सोबत असण्याचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९२३पासून मूलभूत मानलेला आहे. गुन्हा केल्यानं तो आपोआप जात नाही. देखरेखीच्या अटींबद्दलचा केंद्रीय कायदाच म्हणतो की अट गुन्ह्याशी, त्या माणसाच्या इतिहासाशी, लोकांच्या सुरक्षिततेशी संबंधित हवी आणि तिनं गरजेपेक्षा जास्त स्वातंत्र्य हिरावता कामा नये. न्यू जर्सी फिलाडेल्फियातल्या तिसऱ्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून केलेला अपिलांचा विभाग) अपील कोर्टाखाली येतं. त्या कोर्टाचं म्हणणं असं की स्वतःच्या मुलांना भेटण्यावर बंदी घालायची तर त्या मुलांना पालकाकडून धोका संभवतो हे दाखवणारा पुरेसा पुरावा हवा. २००७च्या निकालात, चित्रं बाळगल्याच्याच गुन्ह्यात, अठरा वर्षांखालच्या सगळ्यांशी, स्वतःच्या मुलांसकट, संपर्काची जन्मभराची बंदी त्यांनी रद्द करून प्रकरण खालच्या कोर्टाकडे परत पाठवलं. एक कारण हे होतं की परवानगी द्यायची की नाही हे सगळं प्रोबेशन ऑफिसरच्या मर्जीवर सोडलेलं होतं. इतका मोठा निर्णय न्यायाधीशानं स्वतःकडे ठेवायचा असतो, ऑफिसरकडे सोपवून मोकळं व्हायचं नसतं, असं कोर्ट म्हणालं.

शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये २००५ साली सोनिया सोटोमायोर यांनी, तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या नव्हत्या, अशाच एका बापाची अट नीट कारणमीमांसेसाठी परत पाठवली. २०१२मध्ये पश्चिमेकडच्या नवव्या सर्किटनं तर आणखी ठामपणे सांगितलं. माँटाना राज्यातल्या एका बापाला स्वतःच्या मुलींजवळ आणि होणाऱ्या बायकोजवळ राहण्यापासून रोखलं होतं. त्या एकेका नात्याची स्वतंत्र तपासणी केल्याशिवाय अशी बंदी टिकत नाही, असा तो निकाल आहे.

पण हे वाचून लगेच मुलाला फोन करू नका. या निकालांत कोर्टानं 'जा, भेटा' असं कुठेही म्हटलेलं नाही. 'कारण दाखवा' म्हटलंय. कारण असेल तर बंदी टिकते. घरातल्याच मुलाला त्रास दिल्याचा पुरावा जिथे होता तिथे ती टिकलेली आहे. तुमच्या मुलाच्या फाईलमध्ये काय आहे हे तुम्हाला ठाऊक नाही आणि मलाही नाही. सापडलेलं साहित्य किती होतं, मुलं कोणत्या वयाची होती, त्यानं कुणाशी काय बोलणं केलं होतं, घरातल्या मुलीचा कुठे उल्लेख होता का, हे सगळं न्यायाधीशापुढे असतं. शिक्षेआधी तयार होणारा तो अहवाल गोपनीय असतो, कुटुंबाला सहसा दिसत नाही. मुलानं तुम्हाला सांगितलं तेवढंच तुम्हाला माहीत आहे.

इथे एक कडू बोलते, रागावू नका. "कुणाला हात लावलेला नाही" हे वाक्य तुम्ही लिहिलंय, ते या वाटेवर तुमच्या मुलाला सगळ्यात जास्त नडेल. त्या चित्रांत मुलं होती. खरी, कुणाची तरी लेकरं, कुणाची तरी नातवंडं. कुणीतरी त्यांच्यावर अत्याचार करून ती चित्रं काढली, आणि ती बघणारा मिळतो म्हणून पुढची काढली जातात. त्यानं कोर्टात हे कबूल केलं. आई म्हणून तुम्हाला ते उच्चारणं जड जातं हे मी समजू शकते, पण ऑफिसर, उपचार करणारा तज्ज्ञ आणि न्यायाधीश तिघंही घरच्यांच्या तोंडून पहिल्यांदा हेच ऐकायला कान देतात. 'केस खोटी होती', 'नुसतं बघितलं तर काय झालं', असं ज्या घरात बोललं जातं त्या घरातल्या माणसाला मुलीजवळ बसायला कोण सोडेल?

तर मार्ग कुठला? ज्या दिवशी शिक्षा सुनावली जाते त्या दिवशी सगळ्यांचे कान 'किती महिने' या आकड्याकडे लागलेले असतात. अटी निकालपत्राच्या मागच्या पानांवर असतात आणि त्या वाचायला घरच्यांना सुटकेच्या दिवसापर्यंत फुरसत होत नाही. अपिलाची मुदत निकालापासून फक्त चौदा दिवसांची असते, आणि गुन्हा कबूल करताना झालेल्या करारात अपिलाचा हक्क बरेचदा सोडलेला असतो. म्हणजे ती वाट बहुतेक बंद झाली आहे. दुसरी उघडी आहे. देखरेखीची मुदत संपेपर्यंत कधीही, शिक्षा देणाऱ्या कोर्टाकडे अट बदलण्याचा अर्ज करता येतो. त्यासाठी वकील मिळण्याचा हक्क आहे आणि पैसे नसतील तर सरकारी बचाव वकील मिळतो. न्यू जर्सीत त्यांची कार्यालयं न्यूअर्क, ट्रेंटन आणि कॅम्डेनला आहेत. मुलाची केस त्यांच्याकडेच असेल तर पुन्हा त्यांनाच फोन करायचा. खाजगी वकील केला होता आणि आता झेपत नसेल तर तसं सांगून त्यांच्याकडे जाता येतं. सुनावणी होते. सरकारी पक्षाची हरकत नसेल आणि बदल मुलाच्या बाजूचा असेल तर सुनावणीशिवायही आदेश निघू शकतो. म्हणून चांगला वकील अर्ज टाकायच्या आधी ऑफिसरशी आणि सरकारी वकिलाशी बोलून घेतो. ऑफिसरचा 'आत्ता नाही' हा शेवटचा शब्द नाही. पण त्याला टाळून केलेला अर्ज सहसा नीट उभाही राहत नाही.

वकिलाकडे जाताना मुलानं निकालपत्रातलं 'स्पेशल कंडिशन्स'चं पान न्यावं. मूळ कागद, आठवणीतली अट नव्हे. परवानगी कोर्टाची की ऑफिसरची, 'स्वतःची मुलं' असा शब्द स्पष्ट आहे का, न्यायाधीशानं त्या दिवशी कारण सांगितलं होतं का, यातल्या एकेका शब्दावर अर्जाचं वजन ठरतं. कारण सांगितलेलं नसेल तर वर लिहिलेले निकाल कामाला येतात. सांगितलेलं असेल तर आता काय बदललंय ते दाखवावं लागतं.

बदल दाखवायचा म्हणजे 'मला मुलीची आठवण येते' एवढं पुरत नाही, आणि ती येते यावर कुणाचा अविश्वासही नसतो. तो उपचारांना नियमित जातो का, आणि तिथल्या तज्ज्ञाचं धोक्याविषयीचं लेखी मत काय आहे, हे आधी बघतात. नातीसाठी बालमानसतज्ज्ञ असेल तर त्यांचं मत स्वतंत्रपणे हवं : तिला भेटायचं आहे का, कशा रीतीनं झेपेल, तिला वडिलांबद्दल काय सांगितलेलं आहे. आईचं म्हणणं लेखी हवं. आणि भेटीचा आराखडा हवा, जितका साधा आणि जितका सावकाश तितका बरा. पहिल्यांदा तज्ज्ञानं वाचून पुढे दिलेली पत्रं. मग कुणीतरी शेजारी बसलेलं असताना ठरलेल्या वेळेचा कॉल. मग देखरेखीखालच्या भेटींसाठी असलेल्या केंद्रात तासाभराची भेट. असा अर्ज न्यायाधीशाला 'हो' म्हणायला जागा देतो. 'बंदी उठवा, मी बाप आहे' या अर्जाला 'नाही' म्हणणं सोपं असतं.

सुनेचा राग येतो म्हणालात. तिचं म्हणणं पुन्हा वाचा : भेट व्हावी, परवानगी हवी, समोर कुणी बसलेलं हवं. काकू, तुमच्या मुलाकडे या घडीला यापेक्षा मोठा आधार नाही. बहुतेक ठिकाणी दुसरा पालक 'कधीच नाही' म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. तिनं दार बंद केलेलं नाही. तिच्यामागे लागू नका. तिला वकिलाचा नंबर द्या आणि तिच्या अटी अर्जात तिच्या शब्दांत जाऊ द्या. तिच्या मनात नसताना कोर्टाकडून काही मिळवता येईल, या भ्रमातही राहू नका. केंद्रीय न्यायाधीशानं उद्या अट काढली तरी मुलगी कुणाकडे राहते आणि बापाला कधी भेटते हे राज्याचं कुटुंब न्यायालय ठरवतं. त्या न्यायालयानं भेट दिली आणि केंद्रीय अट तशीच राहिली, तरी भेट होत नाही. दोन्हीकडचा होकार लागतो.

आणि आजी म्हणून तुमचा स्वतःचा हक्क? त्याचंही उत्तर देते, कारण एक ना एक दिवस कुणीतरी तुम्हाला 'आजी-आजोबांनाही केस करता येते' असं सांगेल. वॉशिंग्टन राज्यातल्या एका कुटुंबात मुलगा वारल्यानंतर त्याच्या आईवडिलांनी नातींच्या भेटीसाठी कोर्टाचा आदेश मागितला होता. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली आईच्या बाजूनं निकाल दिला : नीट सांभाळणाऱ्या पालकाच्या निर्णयाला मान द्यायचा, आजी-आजोबांना भेट मिळाली तर मुलांचं भलं होईल एवढं म्हणून तो डावलायचा नाही. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं २००३मध्ये म्हटलं की पालकाची इच्छा नसताना आजीला भेट मिळवायची तर भेटीवाचून मुलाचं नुकसान होतंय हे दाखवावं लागेल. म्हणजे ज्या हक्काच्या बळावर तुम्ही मुलासाठी भांडू पाहता, तोच हक्क सुनेलाही आहे आणि आज तो तिच्या हातात जास्त भक्कम आहे. सुदैवानं ती तुम्हाला नातीपासून तोडत नाहीये.

एक काम मात्र तुमच्याजोगं आहे. भेटीत समोर बसणारं माणूस लागतं, आणि ते कधीकधी घरातलंही चालतं. त्याला ऑफिसर किंवा उपचार करणारा तज्ज्ञ आधी भेटतो, गुन्ह्याची पूर्ण माहिती देतो, काय करायचं आणि कधी भेट थांबवायची ते शिकवतो. त्या माणसाला तीन गोष्टी जमल्या पाहिजेत. काय घडलं ते न लपवता बोलता आलं पाहिजे. मुलीला एक मिनिटही त्याच्याजवळ एकटं न सोडता बसता आलं पाहिजे. आणि आपल्या माणसाला सगळ्यांसमोर 'बस, आता पुरे, ऊठ' म्हणता आलं पाहिजे, नंतर ऑफिसरला जसं घडलं तसं सांगताही आलं पाहिजे. पोटच्या मुलाबाबत हे जमेल का, हे तुम्हीच स्वतःला विचारा. नाही म्हणालात तर त्यात कमीपणा नाही. मग केंद्रातला प्रशिक्षित माणूस बरा. हो म्हणालात तर मुलाच्या वकिलाला सांगा, तो अर्जात तुमचं नाव सुचवू शकेल. तुम्ही थोड्याच दिवसांसाठी येणार, त्यामुळे हे कायमचं होणार नाही हेही त्याच वेळी सांगा.

दिवाळीचं तिकीट रद्द करू नका. नातीकडे जा, सुनेच्या घरी, तिच्या सोयीनं. मुलाला वेगळं भेटा, त्याच्या खोलीवर किंवा बाहेर जेवायला. नातीला बरोबर न नेता कितीही वेळा भेटा, त्यावर कसलीच बंदी नाही, आणि त्याला आत्ता आईची गरज आहे. मराठी मंडळाच्या दिवाळीला मात्र त्याला ओढून नेऊ नका. तिथे हॉलभर मुलं असतात.

'कुणामार्फत' हा शब्द अटीत आहे म्हणता, म्हणून बारीकसारीक सांगून ठेवते. "बाबांनी तुझ्यासाठी दिलाय" म्हणून फ्रॉक न्यायचा नाही. त्याचा निरोप सांगायचा नाही, चिठ्ठी तर नाहीच. तुम्ही स्वतः आणलेली भेट तुमच्या नावानं द्या. उलट्या दिशेनं, मुलगी शाळेत कशी आहे, नाच शिकतेय का, दात पडले का, हे त्याला तोंडी सांगायला सहसा अडचण येत नाही. पण तिचे फोटो पाठवण्याआधी वकिलाला विचारा. त्याच्या फोनवर मुलांचे कुठले फोटो चालतात याच्याही अटी असू शकतात. त्याला मुलीला पत्रं लिहावीशी वाटली तर लिहू दे, पण ती तुमच्या पर्समध्ये नकोत. ती वकिलाकडे किंवा उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे ठेवू दे. परवानगी मिळाली की द्यायला तयार राहतील, आणि तज्ज्ञाला ती वाचून त्याच्या मनाची स्थितीही कळेल.

नात तुम्हाला विचारणारच, "आजी, बाबा कुठे आहे?" जायच्या आधी सुनेला फोन करून विचारा की तिला आतापर्यंत काय सांगितलंय, आणि तेच, तेवढंच सांगा. ठरलेलं काही नसेल तर दोघी मिळून तिच्या तज्ज्ञाला विचारा. साधारण असं चालतं : बाबा जवळच राहतो, तो ठीक आहे, त्यानं मोठ्यांचा एक नियम मोडला म्हणून सध्या तुला भेटायची परवानगी नाही, तुझी त्यात काही चूक नाही, आणि पुढे काय करायचं ते मोठी माणसं कोर्टाला विचारतायत. 'कामासाठी बाहेरगावी गेलाय' असं सांगू नका. इंटरनेटवर त्याचं नाव टाकलं की केस निघते, आणि नऊ वर्षांची मुलगी लवकरच तेरा वर्षांची होते.

अर्ज, तज्ज्ञांची मतं, ऑफिसरचं म्हणणं, सुनावणीची तारीख या सगळ्याला महिने लागतात. तुमच्या मुक्कामातच भेट होईल असं धरून चालू नका आणि मुलालाही तसं सांगू नका. आज त्याला फोन करा, मंदिराचा बेत मोडला म्हणून सांगा, आणि ते 'स्पेशल कंडिशन्स'चं पान घेऊन या आठवड्यात वकिलाची वेळ घ्यायला लावा.